बाकू, तिबिलिसी, येरेव्हान: दक्षिण कॉकेशसचे तीन देश एकाच प्रवासात कसे पाहावेत

जॉर्जिया, आर्मेनिया आणि अझरबैजान या तिघांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तरी जेमतेम १,८६,००० चौरस किलोमीटर भरतं. पश्चिमेला काळा समुद्र, पूर्वेला कॅस्पियन, उत्तरेला कॉकेशसची बर्फाळ मुख्य रांग. नकाशा पाहून कुणालाही वाटेल की गाडी घ्यावी आणि गोल फिरून यावं. पण गोल फिरता येत नाही. इथे अंतरं आडवी येत नाहीत, सीमा आडव्या येतात. म्हणून कुठलं चर्च आणि कुठला किल्ला पाहायचा हे नंतर ठरवा. आधी देशांचा क्रम लावा.

आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातली सीमा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून प्रवाशांना बंद आहे. तुर्कस्तानने आर्मेनियाला लागून असलेली सीमा १९९३ मध्ये बंद केली. म्हणजे आर्मेनियात जमिनीवरून शिरायला दोनच दिशा उरतात: उत्तरेकडून जॉर्जिया आणि दक्षिणेकडून इराण. अझरबैजानची आणखी वेगळी गत आहे. मार्च २०२० मध्ये साथीच्या काळात त्याने जमिनीवरच्या सीमा बंद केल्या आणि साथ ओसरल्यावरही ही बंदी काही काही महिन्यांनी वाढवत नेली. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांत सापडणारी तिबिलिसी-बाकू रात्रीची रेल्वे आणि ‘रेड ब्रिज’ नाक्यावरून पायी ओलांडलेली सीमा यांच्या भरवशावर बेत आखू नका. तिकीट काढण्याच्या आठवड्यात स्थिती पुन्हा तपासा. तोवर अझरबैजानात विमानानेच जायचं आहे असं धरून चला.

यातून सगळ्यात कमी अडचणीचा क्रम निघतो तो असा: विमानाने बाकूला उतरायचं, बाकूहून विमानाने तिबिलिसी, तिबिलिसीहून रस्त्याने आर्मेनिया आणि परतीचं विमान येरेव्हानहून. बाकू ते तिबिलिसी हे उड्डाण सव्वा तासाच्या आसपासचं आहे. बाकू आणि येरेव्हान यांच्यामध्ये मात्र थेट विमान मिळेल असं गृहीत धरू नका. जाण्याचं आणि परतीचं तिकीट वेगवेगळ्या शहरांचं घेतलं की तिबिलिसीला पुन्हा मागे येण्याचा एक दिवस वाचतो. तसं तिकीट फारच महाग पडत असेल, तर तिबिलिसी हा मुक्काम धरून दोन्ही बाजूंना जाऊन या.

बाकू आधी ठेवण्याचं दुसरं कारण पासपोर्टवरचे शिक्के. आर्मेनियाचा शिक्का आहे म्हणून अझरबैजान प्रवेश नाकारतंच असं नाही, पण प्रश्न विचारले जातात आणि सामान उघडलं जाऊ शकतं. खरा धोका वेगळा आहे: पूर्वी आर्मेनियाच्या बाजूने नागोर्नो-काराबाख या दोन्ही देशांतल्या वादाच्या प्रदेशात जाऊन आलेल्या लोकांची अझरबैजानने यादी केली आहे आणि त्यांना प्रवेश मिळत नाही.

कागदपत्रं: चुका इथेच होतात

अझरबैजानचा ई-व्हिसा सरकारी ‘आसान’ संकेतस्थळावरून मिळतो. साधा अर्ज तीन कामाच्या दिवसांत निकाली निघतो, व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो आणि मुक्काम तीस दिवसांपर्यंत करता येतो. शोधयंत्रात तशाच दिसणाऱ्या खासगी साइट वर येतात आणि जास्त पैसे घेतात, म्हणून पत्ता नीट पाहा. पासपोर्टवर नाव आणि आडनाव जसं छापलं आहे तसंच, त्याच रकान्यात भरा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अर्ज पाठवण्याआधी चौकशी करा. एका अक्षराच्या फरकावरून विमानतळावर चेक-इन अडतं. पंधरा दिवसांहून जास्त राहायचं असेल तर राज्य स्थलांतर सेवेकडे नोंदणी करावी लागते. हॉटेल बहुधा ती करून देतं, पण भाड्याच्या घरात राहिलात तर ती झाली की नाही हे स्वतः पाहा. नोंदणी नसली की देश सोडताना दंड होतो.

जॉर्जियाच्या बाबतीत सगळ्यात जास्त नडते ती प्रवेशांची संख्या. तिबिलिसीहून येरेव्हानला जाऊन परत तिबिलिसीहून विमान पकडणार असाल तर तो दुसरा प्रवेश ठरतो, आणि एकाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेला माणूस आर्मेनियाच्या बाजूला अडकतो. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन अशा काही ठिकाणचा वैध व्हिसा किंवा निवासपरवाना असेल तर जॉर्जियात वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं, पण तो परवाना प्रवेशाच्या दिवशी चालू असायला हवा. १ जानेवारी २०२६ पासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमाही सक्तीचा आहे. त्याची रक्कम किमान ३०,००० लारी हवी आणि कागद इंग्रजी किंवा जॉर्जियन भाषेत हवा. हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि विमा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवा. सीमेवरचा अधिकारी फोनमधलं पाहायला नकार देऊ शकतो आणि तिथे इंटरनेट चालेलच असं नाही.

आर्मेनियाचा ई-व्हिसा २१ किंवा १२० दिवसांचा असतो. बहुतेकांना २१ पुरतो.

अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे जॉर्जियाचे दोन भाग सरकारच्या ताब्यात नाहीत. त्यांत रशियाच्या बाजूने शिरणं हा जॉर्जियाच्या २००८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. या प्रवासात त्यांच्या वाटेला न गेलेलंच बरं.

बाकू आणि अबशेरॉन द्वीपकल्प: तीन दिवस

बाकू समुद्रसपाटीच्या २८ मीटर खाली आहे, कारण कॅस्पियनचं पाणीच तेवढं खाली आहे. जगातली ही सगळ्यात खालची राजधानी. तटबंदीच्या आतलं जुनं शहर म्हणजे ‘इचेरीशेहेर’. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: शिरवानशहांचा पंधराव्या शतकातला राजवाडा आणि ‘क्यिझ गालासी’ हा सुमारे २९ मीटर उंच गोल मनोरा. तळाशी भिंत पाच मीटर जाड आहे. आतला जिना अरुंद आणि गोल, त्यामुळे दुपारी सहली आल्या की वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना अडकतात. सकाळी उघडल्याबरोबर जा. मनोरा नेमका कशासाठी बांधला यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. किल्ला, वेधशाळा, अग्निमंदिर असे तिन्ही दावे मार्गदर्शक तितक्याच खात्रीने सांगतात.

‘फ्लेम टॉवर्स’ या तीन ज्वालांच्या आकाराच्या इमारतींतली सगळ्यात उंच १८२ मीटरची आहे. त्यांच्या पायथ्याशी गेलात तर काचांखेरीज काही दिसत नाही. त्या पाहायच्या समुद्रकाठच्या बुलवारवरून, अंधार पडल्यावर, दर्शनी भागावरचे दिवे लागले की. झाहा हदीद यांनी रचलेलं आणि २०१२ मध्ये उघडलेलं हैदर अलियेव केंद्र मात्र दिवसाच पाहा. पांढऱ्या वक्र छपरावर ऊन सरकत जातं तसा त्याचा आकार बदलत राहतो. आतली प्रदर्शनं वेळ असेल तरच.

शहरापेक्षा आजूबाजूचं जास्त मोलाचं आहे. सुराखानीचं आतेशगाह हे त्यातलं पहिलं, आणि मराठी वाचकाने तर ते चुकवूच नये. पंचकोनी तटबंदीच्या आत ओळीने खोल्या, मध्ये चार कमानींचं अग्निस्थान. सतराव्या-अठराव्या शतकात इथे व्यापाराच्या वाटेने आलेले हिंदू आणि शीख साधू-व्यापारी राहत आणि जमिनीतून येणाऱ्या वायूच्या ज्वाळेची पूजा करत. खोल्यांच्या दारांवरचे शिलालेख देवनागरीत आहेत, काही गुरुमुखीत, एक फारसीत. गणेशाला नमन करून सुरू होणारे लेख आणि विक्रम संवतातली वर्षं थोडं थांबून पाहिलीत तर स्वतःच वाचता येतात. अक्षरं झिजलेली आहेत आणि लिहिणाऱ्यांचं शुद्धलेखनही यथातथाच, तेव्हा ऊन तिरपं असताना जा. कोरीव रेषांत सावली पडली की वाचणं सोपं होतं. मूळ ज्वाळा मात्र आता नाही. आसपास तेल आणि वायू काढण्याचं काम वाढत गेलं, जमिनीखालचा दाब उतरला आणि १९६९ मध्ये ती विझली. आज दिसते ती नळाने आणलेल्या वायूवर जळते. खरोखर आपोआप जळणारी आग पाहायची तर त्याच द्वीपकल्पावरच्या यानार दागला जा. टेकडीच्या पायथ्याशी सुमारे दहा मीटर लांबीची जळती कड आहे. दिवसा ती फिकी दिसते. आतेशगाह दुपारी उशिरा आणि यानार दाग अंधार पडता पडता, असा एकच फेरा करा.

गोबुस्तान बाकूच्या नैऋत्येला साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथे सहा हजारांहून जास्त शिलाचित्रं नोंदली आहेत: बैल, होड्या, फेर धरलेली माणसं. आधी संग्रहालय पाहा आणि मगच ब्योयुकदाश डोंगराच्या खडकांमधून चाला. उलट केलंत तर निम्मी चित्रं डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत. याच डोंगराच्या पायथ्याशी सम्राट डोमिशियनच्या काळातला लॅटिन लेख आहे. रोमन सैन्याची इतक्या पूर्वेकडची दुसरी खूण सापडलेली नाही. जवळचे चिखलाचे ज्वालामुखी हे थंड चिखलाचे बुडबुडे आहेत. तिथला कच्चा रस्ता पाऊस पडून गेल्यावर गाडीला जाऊ देत नाही, आणि चिखल बुटांवर वाळला की दगडासारखा होतो. जुने बूट न्या.

शेकी हे डोंगराच्या कुशीतलं गाव बाकूहून सुमारे तीनशे किलोमीटरवर आहे. खानांच्या अठराव्या शतकातल्या राजवाड्याच्या खिडक्या लाकडाचे हजारो तुकडे एकमेकांत अडकवून आणि त्यात रंगीत काच बसवून केल्या आहेत. खिळा नाही, सरस नाही. या कामाला ‘शेबेके’ म्हणतात. आत फोटो काढू देत नाहीत आणि गटागटानेच सोडतात. दोन दिवस हाती असतील तरच शेकीला जा. तिथून जॉर्जियाची सीमा जवळ आहे, पण ती बंद असेल तर विमानासाठी आलेल्या वाटेने बाकूलाच परतावं लागतं.

जॉर्जिया: खरा वेळ इथे द्या

तिबिलिसीत नारिकाला किल्ल्याखालचा ‘अबानोतुबानी’ हा गंधकाच्या गरम झऱ्यांवरच्या स्नानगृहांचा भाग आहे. विटांचे घुमट जमिनीलगत दिसतात, न्हाणीघरं खाली आहेत. खासगी खोली तासाच्या दराने मिळते. सार्वजनिक भाग स्वस्त, पण तिथे संकोच बाजूला ठेवावा लागतो. चांदीचे दागिने काढून ठेवा, गंधकाने काळे पडतात. रीके बागेतून केबल कारने नारिकालाला चढा आणि उतरताना पायी या.

शहरापासून वीस किलोमीटरवर म्त्सखेता ही जुनी राजधानी आहे. दिदुबे स्थानकावरून मिनीबस मिळते. या मिनीबसला सगळीकडे ‘मार्शरुत्का’ म्हणतात आणि ती भरल्यावर सुटते. अकराव्या शतकातलं स्वेतित्स्खोवेली कॅथेड्रल गावात आहे, पण सहाव्या-सातव्या शतकांच्या सांध्यावरचं ज्वारी चर्च नदीपलीकडच्या टेकडीवर. तिथे बस जात नाही. गावातून वर दिसणारं ज्वारी जवळ भासतं, पण रस्ता लांब वळसा घेतो. गावातून टॅक्सी ठरवा आणि थांबण्याचे पैसे आधीच बोला. अरागवी आणि म्तक्वारी या नद्यांच्या दोन रंगांच्या पाण्याचा संगम ज्वारीवरूनच दिसतो, गावातून नाही.

जॉर्जियाचं छायाचित्र म्हणून सगळीकडे छापलं जातं ते गेर्गेतीचं त्रिमूर्ती चर्च. चौदाव्या शतकातलं, २,१७० मीटरवर, मागे पाच हजार मीटरहून उंच काझबेक. तिथे जाणारा लष्करी महामार्ग तिबिलिसीहून उत्तरेला रशियाच्या सीमेपर्यंत जातो आणि स्तेपान्त्स्मिंदा गाव सुमारे १५५ किलोमीटरवर लागतं. तीन तास धरतात, पण सीमेकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग असेल तर चार-पाचही लागतात. एका दिवसात जाऊन येण्याच्या सहली भरपूर विकल्या जातात आणि तिथेच लोक फसतात. बस दुपारी पोचते, आणि तोवर काझबेक बहुधा ढगात गेलेला असतो. शिखर मोकळं असण्याची शक्यता पहाटे आणि सकाळी जास्त. म्हणून गावात एक रात्र राहाच. वर जायला पायवाटेने सुमारे चारशे मीटर चढ आहे, एक ते दीड तास लागतो. पक्का रस्ताही झाला आहे आणि चौकात गाडीवाले उभे असतात. जायचं आणि यायचं मिळून भाडं ठरवा, नाहीतर वर गेल्यावर परतीचा दर वेगळा निघतो.

वाटेतला अनानुरी किल्ला झिनवाली जलाशयाच्या काठावर आहे. अर्धा तास पुरतो. पुढे ज्वारी खिंड जवळपास २,४०० मीटरवर आहे. हिवाळ्यात हिमकडे कोसळण्याच्या भीतीने ती कधीही बंद करतात, आणि पुढच्या दिवशी विमान असलेला प्रवासी पलीकडेच राहतो. डिसेंबर ते मार्च या काळात काझबेक आणि परतीचं विमान यांच्यामध्ये एक मोकळा दिवस ठेवा.

वार्दझिया ही डोंगराच्या कड्यात कोरलेली मठनगरी. बाराव्या शतकात, तामार राणीच्या काळात ती पूर्ण झाली. आज कड्यावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात, पण बांधणाऱ्यांना ती दिसायला नको होती. खोल्या कड्याच्या पोटात लपलेल्या होत्या. १२८३ च्या भूकंपात कड्याचा पुढचा थर कोसळला आणि आतली दालनं उघडी पडली. हे ठाऊक असलं की तुटलेले जिने आणि हवेत संपणारी दारं कशाची आहेत ते कळतं. मुख्य चर्चमध्ये तामार आणि तिचे वडील तिसरे गिओर्गी यांचं भित्तिचित्र आहे. चर्चमागचा बोगदा बुटका आणि अंधारा. टॉर्च हवा, गुडघे धड हवेत. मुक्कामाला अखालत्सिखे बरं, तिथून अंतर सुमारे साठ किलोमीटर. परतीची शेवटची मार्शरुत्का दुपारीच निघून जाते, तेव्हा उतरतानाच चालकाला तिची वेळ विचारून ठेवा.

स्वानेती या उंच डोंगराळ भागाला चार दिवस हवेत. कमी असतील तर जाऊच नका. तिबिलिसीहून झुगदिदीपर्यंत रेल्वे, पुढे मार्शरुत्काने मेस्तिया. नाताख्तारीहून छोटं विमानही जातं, पण ढग आले की रद्द होतं आणि दुसऱ्या दिवशीही जाईल याची हमी नाही. प्रत्येक घराला लागून उभे असलेले दगडी मनोरे हे इथलं वैशिष्ट्य. बहुतेक नवव्या ते बाराव्या शतकांतले, वीस-पंचवीस मीटर उंच. आक्रमण झालं किंवा दोन घराण्यांत वैर पेटलं की कुटुंब आत जाऊन शिडी वर ओढून घेई. मेस्तियातही मनोरे आहेत, पण ४५ किलोमीटरवरचं उशगुली, २,१०० मीटरच्या आसपास, हे त्यांचं सगळ्यात दाट गाव. त्याच्यामागे श्खारा उभा आहे, ५,१९३ मीटर, जॉर्जियातलं सर्वोच्च शिखर. उशगुलीलाही रात्र काढली तर शिखर दिसण्याची शक्यता वाढते. पायवाटांवर मेंढपाळांचे मोठे कुत्रे भेटतात. पळू नका, काठी जवळ ठेवा आणि कळपाला लांबून वळसा घाला.

दावित गारेजा मठाविषयी एक सूचना. अझरबैजानशी असलेल्या सीमेच्या वादामुळे वरच्या कड्यावरचा ‘उदाब्नो’ भाग, म्हणजे भित्तिचित्रांचा, २०१९ पासून बंद झाला. खालचा लाव्रा मठ पाहता येतो. केवळ चित्रांसाठी जाणार असाल तर आधी चौकशी करा. उन्हाळ्यात तिथे विषारी घोणस वर्गातले साप असतात, सपाता घालून फिरू नका.

चर्चमधले नियम जॉर्जियात कडक आहेत. बायकांनी डोकं झाकायचं आणि घागरा किंवा कमरेभोवती कापड, पुरुषांनी लांब पँट. दाराशी कापडं ठेवलेली असतात, पण पुरेलच असं नाही. एक ओढणी सोबत असली की सगळं भागतं.

तिबिलिसी ते येरेव्हान: वाटेतच दोन मठ

साधारण २७५ किलोमीटर, सीमेसह पाच-सहा तास. रात्रीची रेल्वे आहे, पण मी ती सुचवणार नाही: दहा-अकरा तास लागतात, दोन्ही बाजूंचे अधिकारी मध्यरात्री उठवतात आणि देबेद नदीची घळई अंधारात निघून जाते. सादाख्लो-बाग्राताशेन नाक्यावरून दिवसा जा. साध्या मिनीबसऐवजी वाटेत थांबणारी गाडी चार जणांत ठरवली तर हाघपात आणि सानाहीन हे दहाव्या शतकातले मठ त्याच दिवशी होतात. दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. चर्चपुढचा खांबांचा मोठा मंडप म्हणजे ‘गाविथ’. त्याच्या छतातल्या एकाच झरोक्यातून उजेड पडतो, म्हणून ऊन वर असताना आत जा. सानाहीन हे मिग विमानांचे रचनाकार आर्तेम मिकोयान यांचं जन्मगाव. मठाच्या खालीच एक मिग-२१ उभं आहे. भाड्याची स्वतः चालवायची गाडी जॉर्जियातून आर्मेनियात न्यायची तर मालकाचं लेखी परवानगीपत्र आणि आर्मेनियाचा विमा लागतो.

आर्मेनिया: अरारात कुठून आणि कधी

अरारात ५,१३७ मीटर उंच आहे, येरेव्हानमध्ये बऱ्याच ठिकाणांहून दिसतो आणि आहे तुर्कस्तानात. तो पाहायला सगळ्यात चांगली जागा खोर विराप मठ, येरेव्हानच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर. मठापासून पर्वत नैऋत्येला आहे, म्हणून सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येऊन बर्फावर पडतं. दुपारनंतर तोच पर्वत निळसर पडद्यासारखा फिका होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये धुळीने कित्येकदा दिसतच नाही. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. मठात संत ग्रेगरीला तेरा वर्षं कोंडलं होतं असं मानतात ती विहीर आहे, सुमारे सहा मीटर खोल. उभ्या लोखंडी शिडीने उतरावं लागतं आणि पाठपिशवीसकट माणूस तोंडातून जात नाही. आर्मेनियाने इ. स. ३०१ मध्ये ख्रिस्ती धर्म राजधर्म केला तो याच ग्रेगरीच्या प्रभावाने, अशी परंपरा. सीमा अगदी हाकेवर आहे, ड्रोन उडवू नका.

त्याच रस्त्याने पुढे नोरावांक. तांबड्या कड्यांच्या घळीत १३३९ चं दोन मजली चर्च आहे. वरच्या मजल्यावर जायला दर्शनी भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या आहेत, एक पाऊल मावेल एवढ्याच, कठडा नाही. चढणं सोपं, उतरणं अवघड. तोंड भिंतीकडे करून उतरा. इथे ऊन दुपारचं चांगलं, कडे तेव्हाच पेटतात. म्हणून सकाळी खोर विराप आणि दुपारी नोरावांक. वाटेवरच्या आरेनीच्या गुहेत सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचं मद्य गाळण्याचं ठिकाण सापडलं.

ताथेव मठ येरेव्हानपासून अडीचशे किलोमीटर. एका दिवसात जाऊन येता येतं, पण दहा तास गाडीत जातात. गोरीसला राहा. हालिदझोरहून निघणारी केबल कार ५.७ किलोमीटर लांब आहे, २०१० मध्ये सुरू झाली आणि वोरोतान घळीवरून बाराएक मिनिटांत मठाजवळ सोडते. तिकिटावर वेळ असते. उन्हाळ्यात शनिवार-रविवारची परतीची वेळ आधी भरते, म्हणून दोन्ही फेऱ्या एकत्रच घ्या. जोराचा वारा सुटला की ती थांबते. अशा वेळी घळीत उतरून चढणारा वळणांचा रस्ता आहेच. ऑफलाइन नकाशा मात्र डोळे झाकून पाळू नका: गोरीस ते कापान हा जुना महामार्ग काही ठिकाणी अझरबैजानच्या हद्दीतून जातो आणि जुना नकाशा तिकडेच वळवतो.

गार्नी आणि गेघार्द येरेव्हानहून अर्ध्या दिवसात होतात. गार्नीचं पहिल्या शतकातलं स्तंभांचं मंदिर १६७९ च्या भूकंपात पडलं आणि १९६९ ते १९७५ मध्ये पुन्हा उभं केलं. जवळून पाहा: नक्षी असलेले दगड मूळचे, कोरे दगड नव्याने घातलेले. खालच्या घळीतले बसाल्टचे षटकोनी खांब पाहायला वेगळा तास ठेवा. गेघार्दमध्ये तेराव्या शतकात डोंगरातच कोरलेली दालनं आहेत. वरच्या दालनात कुणी हलकंसं गायलं तरी आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो. मिनीबस गार्नीपर्यंतच, पुढचे दहा किलोमीटर टॅक्सी.

सेवान तलाव १,९०० मीटरवर आहे. सेवानावांक मठ ८७४ मध्ये बेटावर उभारला, पण सोव्हिएत काळात पाणी उपसून पातळी वीसेक मीटर उतरली आणि बेटाचं द्वीपकल्प झालं. जुलैतही तिथे वाऱ्याला जाकीट लागतं. येरेव्हानमध्ये कॅस्केडच्या ५७२ पायऱ्या आतल्या सरकत्या जिन्यांनी चढा आणि बाहेरून उतरा. मातेनादारान हस्तलिखित संग्रहालय रविवारी-सोमवारी बंद असतं, तेव्हा येरेव्हानचे दिवस त्यानुसार बसवा.

पैसे आणि गाड्या

तीन देश, तीन चलनं: मनात, लारी, द्राम. मनात बाकूच्या विमानतळावरच संपवा किंवा बदला, पुढे त्याला भाव मिळत नाही. मार्शरुत्का, खेड्यातली खाणावळ आणि मठाबाहेरच्या टॅक्सीला रोख लागते, आणि तीही सुटी. शहरांत गाडी बोलावण्याचं अॅप वापरा. बाकू आणि तिबिलिसीत बोल्ट, येरेव्हानमध्ये यांडेक्स किंवा जीजी. गाडीवरची पाटी जॉर्जियन किंवा आर्मेनियन लिपीत असते, तेव्हा जायच्या गावाचं नाव त्या लिपीत फोनमध्ये ठेवा आणि चालकाला दाखवा. तिन्ही देशांत घड्याळ एकच आहे.

सोळा-सतरा दिवस असतील तर वरचं बहुतेक सगळं बसतं, स्वानेती किंवा शेकी यांपैकी एक सोडून. दहाच दिवस असतील तर बाकू दोन, तिबिलिसी आणि म्त्सखेता दोन, काझबेक दोन, देबेदच्या वाटेने येरेव्हान एक, गार्नी-गेघार्द एक, खोर विराप-नोरावांक एक आणि एक मोकळा. वार्दझिया आणि ताथेव यात बसत नाहीत, बसवायला जाऊ नका. मोकळा दिवस कापलात तर काझबेकला ढग लागल्यावर थांबायला काहीच उरत नाही. आणि आठ दिवसच असतील तर अझरबैजान वगळा, तिबिलिसीला उतरा आणि येरेव्हानहून निघा.